फ्यूजच्या जागी जाड तार

एरर: एक्स्टर्नली मॅनेज्ड एन्व्हायर्नमेंट.

मंडळी, डेबियन १२ किंवा उबंटू २३.०४ आणि त्यानंतरच्या कुठल्याही उबंटूवर ज्याने पिप वापरून काही टाकायचा प्रयत्न केलाय, त्याची या ओळीशी गाठ पडलेलीच आहे. आणि पाठोपाठ तिच्यावरच्या रामबाण उपायाशीही. कमांडच्या शेवटी 'ब्रेक सिस्टिम पॅकेजेस' हा फ्लॅग चिकटवायचा, की झालं! यूट्यूबवरचा मास्तर हेच सांगतो, ऑफिसात शेजारी बसणारा हेच सांगतो, आणि लॅबमध्ये तासाला चाळीस पोरांचे चाळीस एरर निस्तरणारे सरही शेवटी वैतागून हेच सांगतात. त्याहून पुढचे काही महाभाग आहेत. ते म्हणतात, रोज रोज फ्लॅग कशाला लावायचा? /यूएसआर/लिब मधली ती 'एक्स्टर्नली मॅनेज्ड' नावाची फाइलच उडवून टाक. ना रहेगा बांस!

आता त्या फ्लॅगचं नाव एकदा मराठीत वाचा. 'सिस्टिमची पॅकेजेस मोडा.' बिचाऱ्या लिहिणाऱ्याने याहून स्पष्ट अजून काय लिहायचं?

घरातला फ्यूज सारखा उडतो म्हणून त्याच्या जागी जाड तार घालणारे वायरमन तुम्ही पाहिले असतील. 'साहेब, आता परत उडणार नाही.' खरंच उडत नाही. पुढच्या वेळी थेट भिंतीतली वायर जळते. माझं आजचं म्हणणं एवढंच आहे की हा एरर म्हणजे फ्यूज आहे आणि तो फ्लॅग म्हणजे जाड तार. फ्यूज उडतो ते बरोबरच आहे. तार घालायला शिकवणारे चूक आहेत, आणि त्या चुकीची किंमत ते स्वतः नाही, नवशिकी पोरं मोजतायत.

आता जरा मुळातून बघू.

उबंटू टाकलं की पायथन आयताच मिळतो. आपल्याला वाटतं, वा, काय सोय केलीये आपली! तर, ती आपली सोय नाही. तो पायथन उबंटूने स्वतःसाठी आणलेला आहे. तुम्ही टर्मिनलवर चुकीची कमांड मारलीत की 'अमुक पॅकेज टाका' असं सुचवणारा 'कमांड नॉट फाउंड' हा प्रोग्राम पायथनमध्ये आहे. नवी रिपॉझिटरी जोडणारी कमांड पायथनमध्ये. यूएफडब्ल्यू नावाचा फायरवॉल पायथनमध्ये. आणि तुम्ही झोपलेले असताना सिक्युरिटीचे पॅच गुपचूप बसवणारा 'अनअटेंडेड अपग्रेड्स' तोही पायथनमध्येच. हे सगळे प्रोग्राम /यूएसआर/बिन मधल्या पायथनवर डोळे मिटून विश्वास ठेवतात. कुठली आवृत्ती, कुठल्या लायब्रऱ्या, हे सगळं गृहीत धरून त्यांची चाचणी झालेली असते.

सोसायटीच्या जिन्यात एक कॉमन मीटर असतो. त्यावर लिफ्ट चालते, पाण्याचा पंप चालतो, जिन्यातले दिवे लागतात. आपल्या घरातला एसी त्या मीटरवर कोणी लावतं का? (लावतात, पण त्यांचं नाव नोटीसबोर्डावर लागतं!) सिस्टिमचा पायथन हा असा कॉमन मीटर आहे.

बरं, लावला तर नेमकं होतं काय? दोन प्रकारचे घोळ होतात.

पहिला घोळ आवृत्तीचा. समजा, उबंटू १८.०४ वर पायथन ३.६ होता आणि तुम्हाला हवा होता ३.७. तुम्ही तो टाकलात, इथवर काही बिघडलं नाही. मग कोणीतरी सांगितलं म्हणून 'पायथन३' या नावाचा दुवा ३.६ वरून काढून ३.७ वर फिरवलात. दुसऱ्या दिवशी टर्मिनल उघडेना! कारण उबंटूवर ग्नोम टर्मिनल सुरू करणारी छोटी स्क्रिप्टसुद्धा पायथनमध्ये होती, आणि तिला लागणारा सी भाषेतला भाग ३.६ साठी कंपाइल केलेला. एपीटी_पीकेजी नावाच्या मॉड्यूलचीही तीच गत. ते सापडत नाही म्हणून 'ॲप्ट अपडेट' शेवटी किंचाळतं, आणि त्याच मॉड्यूलवर उभा असलेला अनअटेंडेड अपग्रेड्स तर गप्पच बसतो. म्हणजे सिक्युरिटीचे पॅच यायचे बंद, आणि तुम्हाला पत्ताही नाही.

दुसरा घोळ लायब्रऱ्यांचा, आणि हा जास्त चिवट. ॲप्टने पायथनची लायब्ररी टाकली की ती /यूएसआर/लिब खाली जाते आणि तिची नोंद ॲप्टच्या वहीत होते. 'सुडो पिप'ने टाकली की ती /यूएसआर/लोकल/लिब खाली जाते आणि तिची नोंद पिपच्या वहीत. एकाच गोदामाला दोन मुनीम, दोन वह्या, आणि दोघांचं एकमेकांशी बोलणं नाही. वर पायथनची शोधायची पद्धत अशी की आधी /यूएसआर/लोकल बघायचं, मग /यूएसआर. त्यामुळे तुम्ही टाकलेली नवी लायब्ररी सिस्टिमच्या जुन्या लायब्ररीच्या पुढ्यात येऊन उभी राहते, आणि सिस्टिमचे प्रोग्राम बिचारे तीच उचलतात. एका म्यानात दोन तलवारी म्हणतात ते हेच.

एक घडलेला प्रकार सांगतो. एका क्लायंटच्या सर्व्हरवर बाहेरच्या एका कंपनीचं सॉफ्टवेअर बसवायचं होतं. नाव नको. त्यांच्या इन्स्टॉल स्क्रिप्टमध्ये 'सुडो पिप३ इन्स्टॉल' होतं, 'अपग्रेड'सकट. तिने क्रिप्टोग्राफी नावाची लायब्ररी नवी करून टाकली. ॲप्टने आणलेली पायओपनएसएसएल मात्र जुनीच राहिली, आणि या दोघींचं जमेना. त्यांचं सॉफ्टवेअर मजेत चाललं, सही झाली, सगळे घरी गेले. साधारण महिन्याभराने एका सकाळी क्लायंटच्या साइटवर ब्राउझरचा लालभडक इशारा झळकला: सर्टिफिकेट संपलंय. सर्टबॉट हा सर्टिफिकेटचं नूतनीकरण करणारा प्रोग्राम ॲप्टने आणलेला, आणि तोही सिस्टिमच्याच पायथनवर. लेट्स एन्क्रिप्टचं सर्टिफिकेट ९० दिवसांचं असतं, आणि ३० दिवस उरले की सर्टबॉट नवं आणायच्या मागे लागतो. तो महिनाभर रोज प्रयत्न करत होता आणि रोज त्याच दोन लायब्रऱ्यांच्या भांडणात आपटत होता. त्या कंपनीचं उत्तर ठरलेलं: 'आमचं सॉफ्टवेअर तर चालू आहे!' चालू आहे हो. पण जिन्यातला पंप बंद पडला त्याचं काय?

मंडळी, या प्रकारात कुणीही 'आता मी सिस्टिम मोडतो' असं म्हणून काही केलेलं नव्हतं. म्हणून तर तो एरर हवा. मोडणाऱ्याला मोडताना कळत नाही, आणि मोडलेलं महिन्याने दुसऱ्याच कुणाच्या अंगावर येतं.

आणि हा रोग काही आजचा नाही. सेंटओएस ६ वर पायथन २.६ होता आणि त्याचा पॅकेज मॅनेजर यम त्याच पायथनवर चालायचा. लोक हौसेने २.७ टाकून मूळ पायथनच्या जागी बसवायचे आणि मग यमच मरायचा. (यमच मेल्यावर पॅकेज कोण आणणार?) रेडहॅटने शेवटी २०१९ मध्ये आरएचईएल ८ काढताना वेगळी चूल मांडली. सिस्टिमच्या कामाचा पायथन 'प्लॅटफॉर्म पायथन' या नावाने लिबएक्झेक या आडबाजूच्या फोल्डरमध्ये नेऊन ठेवला आणि सांगितलं, हा आमचा, तुम्हाला हवा तो तुम्ही टाका. ॲपलने तर २०२२ मध्ये मॅकओएस १२.३ मधून पायथन २.७ काढूनच टाकला. रुबीवाल्यांनी २००९ मध्ये आरव्हीएम आणि २०११ मध्ये आरबीएन्व्ह काढलं, ते 'सिस्टिमच्या रुबीला हात लावू नका, तुमची रुबी तुमच्या होम फोल्डरमध्ये ठेवा' हे सांगायलाच. सगळे वेगवेगळ्या वाटांनी एकाच ठिकाणी पोचले. 'पेप ६६८' हा पायथनचा नियम २०२२ मध्ये मंजूर झाला, जानेवारी २०२३ च्या पिप २३.० मध्ये उतरला आणि त्याच वर्षी उबंटू व डेबियनने लागू केला. माझी तक्रार असलीच तर ती ही की याला इतका उशीर का झाला.

आता विरोधी पक्षाचं ऐकू.

'मशीन माझं, मर्जी माझी.' अगदी मान्य! म्हणूनच तर फ्लॅग ठेवलाय, कुणी कायमचं कुलूप घातलेलं नाही. पण सुडो लावून तुम्ही मशीन स्वतःच्या ताब्यात घेत नाही, परक्याच्या ताब्यात देता. पिपने सोर्स स्वरूपातलं पॅकेज आणलं की ते बसवतानाच त्यातला कोड चालतो. सुडो असेल तर तो रूट म्हणून चालतो. २०१७ च्या सप्टेंबरमध्ये स्लोव्हाकियाच्या सरकारी सुरक्षा गटाने पायपीआयवर दहा बनावट पॅकेजेस शोधून काढली. नावं प्रसिद्ध लायब्रऱ्यांसारखीच, एखाद्या अक्षराचा फरक. घाईत एक अक्षर चुकलं की गेलात. ती पॅकेजेस फार घातक नव्हती, युजरचं आणि मशीनचं नाव वगैरे माहिती बाहेर पाठवायची. पुढचा चोर इतका सज्जन असेलच असं नाही.

'डॉकरमध्ये काय फरक पडतो?' तिथे फारसा पडत नाही, हेही मान्य. कंटेनर एकाच कामाचा असतो, मोडला तर फेकून दुसरा घ्या. पण गंमत बघा, पायथनच्या अधिकृत डॉकर इमेजमध्ये पायथन /यूएसआर/लोकल मध्ये वेगळा बसवलेला असतो, म्हणून तिथे हा एरर मुळात येतच नाही. म्हणजे इमेज बनवणाऱ्यांनीही आपला संसार सिस्टिमपासून वेगळाच थाटलाय.

'व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट ही नवशिक्यांसाठी फार अवघड भानगड आहे.' या वाक्याचा मला खरा राग येतो. कारण हे म्हणणाऱ्याने ती कधी उघडून पाहिलेली नसते. व्हेन्व्ह म्हणजे काय? एक फोल्डर. बस. त्यात सिस्टिमच्या पायथनकडे बोट दाखवणारा एक दुवा, एक छोटी कॉन्फिग फाइल, आणि तुमच्या लायब्रऱ्या ठेवायला एक रिकामा कप्पा. 'ॲक्टिव्हेट' म्हणून जी जादू सांगतात ती मुख्यतः पाथ या व्हेरिएबलमध्ये त्या फोल्डरचं नाव सर्वात पुढे लावते, म्हणजे 'पायथन' म्हटल्यावर आधी तुमचा सापडतो. ॲक्टिव्हेट नाही केलंत आणि त्या फोल्डरमधला बिन/पायथन थेट चालवलात तरी काम तेच होतं. नको झालं की फोल्डर डिलीट करा. मागे काही उरत नाही. ज्या मुलाला फोल्डर म्हणजे काय ते कळतं, त्याला हे कळतं. अवघड म्हणून लपवायचं आणि मग 'सिस्टिम मोडा' हा फ्लॅग सोपा म्हणून शिकवायचा, याला काय म्हणायचं?

सगळं मिळून हे एवढंच आहे. आधी एकदाच 'सुडो ॲप्ट इन्स्टॉल पायथन३-व्हेन्व्ह'. मग प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये जाऊन 'पायथन३ -एम व्हेन्व्ह .व्हेन्व्ह'. मग '.व्हेन्व्ह/बिन/पिप इन्स्टॉल' आणि हव्या त्या लायब्ररीचं नाव. तीन ओळी. सुडो फक्त पहिल्या ओळीत, तोही ॲप्टसाठी. लायब्ररी नसून नुसता चालवायचा प्रोग्राम हवा असेल तर पिपएक्स, ते प्रत्येक प्रोग्रामला आपोआप स्वतंत्र खोली देतं. पायथनची दुसरीच आवृत्ती हवी असेल तर पायएन्व्ह किंवा २०२४ मध्ये आलेलं यूव्ही. पायएन्व्ह आवृत्ती तुमच्या मशीनवर कंपाइल करतं, म्हणून आधी ओपनएसएसएल, झेडलिब वगैरेची डेव्ह पॅकेजेस टाकून ठेवा, नाहीतर अर्ध्या तासाने 'एसएसएल नाही' म्हणून रडतं. यूव्ही तयार बांधलेला पायथन उतरवून घेतं, ही कटकट नाही. आणि हातानेच सोर्समधून बांधायची खुमखुमी असेल तर शेवटी 'मेक इन्स्टॉल' नाही, 'मेक ऑल्टइन्स्टॉल' म्हणा. मग 'पायथन३' हे नाव बळकावलं जात नाही. पायथनच्या सोर्ससोबतच्या रीडमीत हे लिहिलेलं आहे, फक्त वाचायचं.

वाचायचं म्हणजे, त्या एररचंसुद्धा तेच. डेबियनवर तो काही एका ओळीचा नाही. आधी सांगतो की ॲप्टमध्ये मिळत असेल तर तिथून घ्या. मग व्हेन्व्ह कसं करायचं ती कमांड लिहून देतो. मग पिपएक्सचं सांगतो. आणि सगळ्यात शेवटी, 'मोडायची जोखीम घेऊन' अशी तंबी देऊन, तो फ्लॅग. डॉक्टरांनी पथ्य, गोळ्या, व्यायाम सगळं लिहून दिलं आणि तळाला लिहिलं की 'काहीच नाही जमलं तर ऑपरेशन', तर आपण चिठ्ठीचा तळ वाचून थेट सुरी उचलतो. धन्य आहे!

पायथनवाल्यांनाही मी मोकळं सोडणार नाही. व्हर्च्युअलएन्व्ह २००७ चं, व्हेन्व्ह पायथन ३.३ बरोबर २०१२ मध्ये आलं. म्हणजे उत्तर हाताशी असताना नियम करायला दहा वर्षं. मधल्या काळात पिपएन्व्ह, पोएट्री, कोंडा आणि आणखी कितीतरी, प्रत्येकाचा पंथ वेगळा. त्यात डेबियनने व्हेन्व्ह मूळ पायथनमधून काढून वेगळ्या पॅकेजात ठेवलेलं. म्हणजे एरर म्हणतो व्हेन्व्ह कर, करायला जावं तर दुसरा एरर म्हणतो आधी ते पॅकेज टाक. सरकारी कचेरीत 'त्या खिडकीवर जा' म्हणतात तसं. हा खरोखरचा दोष आहे आणि तो त्यांनी दुरुस्त करायला हवा. पण खिडक्या दोन आहेत म्हणून मागच्या दाराने तिजोरी फोडायची नसते.

हे सगळं मी इतक्या तावातावाने का लिहितोय? कारण यात भरडला जाणारा माणूस मला माहीत आहे. जुना सेकंडहँड लॅपटॉप, त्यावर विंडोज रखडतं म्हणून लिनक्स टाकलेलं, इंग्रजी वाचताना अडखळणारा पहिल्या-दुसऱ्या वर्षाचा मुलगा किंवा मुलगी. 'एक्स्टर्नली मॅनेज्ड' म्हणजे काय हे त्याला कोणी सांगत नाही. फ्लॅग मात्र लगेच सांगतात. महिन्याभराने त्याचं मशीन कुठेतरी विचित्र मोडतं. तेव्हा फ्लॅग सांगणारा शेजारी नसतो. मग उबंटू पुसून पुन्हा टाकायचं, मग पुन्हा तोच फ्लॅग. तिसऱ्यांदा तो एवढाच निष्कर्ष काढतो की लिनक्स आपल्याला जमत नाही, प्रोग्रामिंग आपल्यासाठी नाही. पायथनची पहिली लूप लिहायच्या आधीच गडी बाद! आणि दोष त्याचा काडीचा नसतो. त्याला फोल्डर आणि पाथ या दोन गोष्टी दहा मिनिटांत सांगितल्या असत्या, तर त्या पुढे रुबी, नोड, पर्ल कशालाही उपयोगी पडल्या असत्या. फ्लॅग कशालाच उपयोगी पडत नाही.

तेव्हा मास्तर लोकांना, सीनियर लोकांना आणि यूट्यूबवरच्या समस्त गुरुजनांना हात जोडून विनंती आहे. पुढच्या वेळी कोणी हा एरर घेऊन तुमच्याकडे आला की फ्लॅग सांगू नका. त्याच्या शेजारी बसा, तो एरर मोठ्याने वाचायला लावा, आणि त्याचा अर्थ मराठीत सांगा: 'हा पायथन घराचा आहे, तुझा तू वेगळा मांड.' मग वरच्या तीन ओळी त्याच्याच हाताने टाइप करू द्या. दहा मिनिटं लागतील.

असो. ज्यांना पटत नसेल त्यांनी खुशाल आपल्या मशीनवर फ्लॅग लावावा. दुसऱ्याच्या मशीनवर मात्र लावायला शिकवू नये.